जड उचलू नका म्हणजे पडून राहा नव्हे

कॅन्सरसाठी मूत्राशयच काढून टाकलं, की घरी सोडताना बजावतात: साधारण सहा ते आठ आठवडे जड काही उचलायचं नाही. चार-पाच किलोच्या वरचं काही नको, भरलेली बादली नको, नातवंडाला कडेवर घेणं नको. हे सगळ्यांना पाठ असतं.

घोळ पुढे होतो. घरी पोचेपर्यंत ‘उचलू नका’चं ‘हलू नका’ झालेलं असतं. पाणी हातात, जेवण पलंगावर, आणि पेशंट उठला की ‘अहो, कशाला उठलात?’ म्हणत घरचे धावतात. या काळजीचा मला खरोखर राग येतो, कारण नुकसान पेशंटचंच होतं.

बंदी आहे ती पोटात जोराचा दाब येण्यावर. वरची त्वचा लवकर जुळून येते, पण पोटाच्या भिंतीचे आतले थर भरून यायला कित्येक आठवडे लागतात. बाहेरून सगळं छान दिसतं आणि माणूस फसतो. शिवाय लघवीसाठी पोटावर स्टोमा, म्हणजे लघवी बाहेरच्या पिशवीत पडावी म्हणून केलेलं तोंड, केला असेल, तर आतड्याचा तुकडा बाहेर आणायला स्नायूंतून मुद्दाम वाट केलेली असते. तिथे दाब पडत राहिला तर हर्निया होऊ शकतो.

सपाटीवर सावकाश चालण्याने असा दाब येत नाही. उलट पडून राहिलं तर पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. कॅन्सर आणि ओटीपोटाचं मोठं ऑपरेशन यांमुळे तो आधीच जास्त असतो. म्हणून तर अनेकांना गुठळ्या रोखणारी इंजेक्शनं घरी गेल्यावरही चार आठवड्यांपर्यंत चालू ठेवतात. पडून राहिल्याने छातीत कफही साठतो, मांड्यांची ताकद जाते. हॉस्पिटलात नळ्या लावलेल्या असतानाच, बहुतेक दुसऱ्या दिवशी, पेशंटला उभं करतात ते यासाठी.

आणि हाच दिवसभर ‘आराम’ करणारा माणूस उठताना मात्र पाठीवरून सरळ झटक्यात उठून बसतो. पोटावर खरा ताण तिथे येतो. आधी गुडघे वाकवा, कुशीवर वळा, पाय पलंगावरून खाली सोडा आणि हातांनी गादी रेटत उठा. श्वास रोखू नका. खोकताना उशी पोटाशी दाबून धरा. शौचाला कुंथणं हाही तोच दाब. बद्धकोष्ठ झालं तर सोसत बसू नका, औषध मागून घ्या.

चालायचं ते दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं, बोलता येईल इतक्या वेगाने. एकदम लांबलचक फेरी मारून नंतर दोन दिवस झोपून काढणं मला अजिबात पसंत नाही. लघवीची पिशवी असेल तर निघण्यापूर्वी रिकामी करा. पोट सुटलंय म्हणून कुणी कितीही सुचवलं, तरी सर्जन हो म्हणेपर्यंत सिटअप्स आणि प्लँक नाहीत.

मूत्राशय न काढता, लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून फक्त गाठ काढली असेल तर पोटाला टाका नसतो, पण आतली जखम ओली असते. पहिले दोन-तीन आठवडे जोर केला तर लघवीतून रक्त येऊ शकतं. चालायला तिथेही हरकत नाही.

आतड्यापासून नवं मूत्राशय बनवलं असेल, तर कॅथेटर (लघवीची नळी) काढल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हा, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे, वारा अडवताना आवळतो तसे. पोट घट्ट होत असेल तर व्यायाम चुकतोय.

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर मात्र चालून बघू नका. ताबडतोब हॉस्पिटल गाठा.