ब्यूइक, टॉमस

(ऑगस्ट १७५३ – ८ नोव्हेंबर १८२८). इंग्रज काष्ठकोरणकार (छपाईसाठी लाकडी ठशांवर चित्रे कोरणारा) व ग्रंथचित्रकार. जन्म नॉर्थम्बरलँडमधील चेरीबर्न येथे. जन्मतिथी १० की १२ ऑगस्ट याबद्दल एकमत नाही. वाढदिवस मात्र १२ लाच साजरा होई. वडील खंडाने शेती करीत आणि कोळशाची लहानशी खाण चालवीत. १७६७ मध्ये न्यूकॅसलच्या रॅल्फ बीलबी याच्याकडे सात वर्षांची उमेदवारी सुरू झाली. तिथे चांदीची भांडी, शिक्के यांवरील कोरीव काम मुख्य होते; लाकडावरची कामे बीलबीला आवडत नसल्याने ती ब्यूइककडे आली. १७७६ मध्ये तो लंडनला गेला, पण पुढच्याच वर्षी परतून बीलबीचा भागीदार झाला (१७९७ पर्यंत).

काष्ठकोरणाचा जनक असे त्याला पूर्वी सर्रास म्हणत. हे विधान जपून वापरायला हवे. खोडाच्या आडव्या कापावर, म्हणजे वर्तुळे दिसतात त्या टोकाच्या बाजूवर, कोरण्याची रीत त्याच्या आधीची आहे. १७२२ च्या एका इंग्रजी नीतिकथासंग्रहातील उठावाची चित्रे याच संदर्भात दाखवली जातात. ती सामान्यतः इलायशा कर्कल याची मानली जातात. ती लाकडावरची की धातूवरची, यावर मतभेद आहेत. ब्यूइकने पद्धत शोधली नसून तिची पूर्ण क्षमता वापरली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

जुन्या रीतीत चिरलेल्या फळीवर चाकूने काळ्या रेषेभोवतीचे लाकूड काढत. एकमेकींना छेदणाऱ्या रेषा हव्या असल्या तर मधला प्रत्येक चौकोन वेगळा टिपावा लागे. ब्यूइकने बॉक्सवूड या कठीण लाकडाच्या टोकाच्या बाजूवर ब्यूरिन (कोरण्याचे टोकदार हत्यार) चालवले. हत्याराचा प्रत्येक फटकारा छपाईत पांढरा उमटतो, त्यामुळे चित्र काळोखातून उजेडाकडे रचले जाते. बॉक्सवूडचे खोड बारीक असते, म्हणून ठसेही लहानच. ठसा चामडी वाळूच्या उशीवर ठेवतात. वळण घेताना हात नव्हे, ठसा फिरवतात. ठशाची जाडी छपाईच्या खिळ्यांच्या (मजकुराच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या) उंचीइतकी (सु. २३ मिमी.) ठेवल्याने चित्र व मजकूर एकाच दाबात छापता येतो. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रांची पाने वेगळ्या यंत्रावर छापावी लागत, हे लक्षात घेतले म्हणजे या सोयीचे मोल कळते.

त्याची सर्वांत नाजूक युक्ती म्हणजे पृष्ठभाग खाली घेणे. दूरच्या टेकड्या, आकाश वा पिसांच्या कडा येणार तेवढा भाग कोरण्यापूर्वीच किंचित खरवडला जाई. तिथे दाब कमी पडून छटा राखाडी येते. उतार हळुवार हवा. कडा उभी राहिली तर काळी रेघ छापली जाते आणि खोली जास्त झाली तर शाई तुटक उतरते. शाई दाट वा जास्त झाल्यास बारीक पांढऱ्या रेषा बुजतात. उष्णतेने लाकूड तडकते: ‘चिलिंगहॅम बुल’ (१७८९) या मोठ्या ठशाच्या मोजक्याच प्रती निघाल्यावर तो दुभंगला.

‘अ जनरल हिस्टरी ऑफ क्वाड्रुपेड्स’ (१७९०) आणि ‘हिस्टरी ऑफ ब्रिटिश बर्ड्स’ (भूचर पक्षी १७९७, जलपक्षी १८०४) हे त्याचे प्रमुख ग्रंथ. पक्ष्यांसाठी १७९१ मध्ये त्याने विक्लिफ येथील पेंढा भरलेले नमुने रेखाटले; पण त्यांची ठेवण बिघडलेली दिसल्याने पुढे त्याने ताजे मारलेले व जिवंत पक्षी पसंत केले. पिसांचा थर आणि पायांवरचा भार यांत हा फरक सहज ओळखू येतो.

प्रकरणाच्या शेवटच्या कोऱ्या जागेत बसवलेली पुच्छचित्रे (पावसात भिजणारे वाटसरू, आंधळे भिकारी, गळफास) ही त्याची खरी निर्मिती. त्यांपैकी काहींची मूळ रेखाटने शिष्य रॉबर्ट जॉन्सन याची होती, असे १८३९ च्या एका ग्रंथात मांडले गेले. जॉन्सनची जलरंगातील चित्रे पाहता हा दावा निराधार म्हणता येत नाही; कोरताना झालेले फेरफार मात्र बहुधा ब्यूइकचे. ल्यूक क्लेनेल, विल्यम हार्वी हे इतर शिष्य. आत्मकथन मुलगी जेन हिने १८६२ मध्ये प्रसिद्ध केले. गेट्सहेड येथे निधन. दफन ओव्हिंगहॅम येथे.