स्टेंटनंतर दरवर्षी सीटी अँजिओग्राफी? खुलासा

‘अटॅक येऊन स्टेंट टाकला असेल, तर दरवर्षी सीटी अँजिओग्राफी करून घ्या, ब्लॉक आधीच कळतो,’ असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. त्रास काहीच नसेल, तर तो चुकीचा आहे.

सीटी अँजिओग्राफी म्हणजे सीटी स्कॅनने हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढणं आणि स्टेंट म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी धातूची जाळीदार नळी. अडचण या धातूची आहे. आजच्या स्टेंटची तार मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक असते. सीटीला साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान गोष्ट नीट वेगळी दिसत नाही. त्यामुळे ती तार फोटोत फुगलेली, पांढरीफटक दिसते आणि आतली वाट झाकते. रक्त व्यवस्थित वाहत असतानाही रिपोर्टवर ‘अरुंद’ असं येऊ शकतं, आणि मग भीतीपोटी पेशंट पुन्हा कॅथ लॅबमध्ये (जिथे नळी घालून अँजिओग्राफी करतात आणि स्टेंट टाकतात) जातो. रक्तवाहिनीत साचलेलं कॅल्शियमही असंच फसवतं.

म्हणून सीटी कुचकामी आहे का? अजिबात नाही. छातीत पुन्हा दुखू लागलं आणि स्टेंट 3 मिमी किंवा त्याहून रुंद असेल, तर ती उपयोगी पडू शकते. बायपास ऑपरेशनमध्ये जोडलेल्या रक्तवाहिन्या तर ती फार छान दाखवते. पण बसल्याबसल्या दुखतंय, घाम फुटलाय, अशा वेळी सीटीची अपॉइंटमेंट घेत बसू नका. थेट इमर्जन्सी गाठा.

शिवाय रेडिएशन आहे, फोटोत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून दिलेलं आयोडीनचं इंजेक्शन आहे. किडनी कमजोर असेल तर आधीच सांगा. आणि कळकळीने सांगते, ‘सीटी क्लिअर आली’ म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. त्याने स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.