ओट्याचा दगड, पायरीचा दगड : ग्रॅनाइट आणि बेसाल्ट यांविषयी माहिती

आमच्या वखारीत येणारे बहुतेक ग्राहक दगडाचा रंग पाहतात, भाव विचारतात आणि निवड करतात. स्वयंपाकघरातील ओट्याला आणि अंगणातील पायरीला एकच दगड चालेल का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक तोच आधी विचारायला हवा.

ग्रॅनाइट आणि बेसाल्ट हे दोन्ही अग्निजन्य खडक आहेत, म्हणजे दोन्ही तप्त शिलारस थिजून तयार झाले. ग्रॅनाइटचा शिलारस भूपृष्ठाखाली काही किलोमीटर खोल अडकून राहिला आणि अतिशय सावकाश निवत गेला, त्यामुळे त्यातील स्फटिकांना वाढायला सवड मिळाली. पांढरट किंवा गुलाबी फेल्स्पार, काचेसारखे क्वार्ट्झ आणि चमकणारा अभ्रक हे त्याचे दाणे नुसत्या डोळ्यांनी वेगवेगळे ओळखता येतात. बेसाल्टचा लाव्हा जमिनीवर पसरून लवकर थंड झाला, म्हणून त्याचा दाणा सहसा भिंगाशिवाय दिसत नाही. ग्रॅनाइटमध्ये सिलिका सुमारे ७० टक्के, तर बेसाल्टमध्ये सुमारे ५० टक्के असते. बेसाल्टमध्ये लोह व मॅग्नेशियम अधिक असल्यामुळे तो काळा आणि वजनाला जड असतो.

घाटमाथ्यावरचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्टच; तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. गोव्यातील तांबडी सुर्ल्याचे कदंबकालीन महादेव मंदिर याच जातीच्या दगडात बांधलेले असून, त्यावरील नाजूक कोरीव काम बारीक पोताच्या दगडातच इतके खुलते. काणकोणचा ग्रॅनाइट मात्र त्याहून फार जुना, दोनशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्ही आपले कर्तव्य मानतो. बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून मिळणारा दगड बहुधा ग्रॅनाइट नसतो. तो डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे बेसाल्टसारख्याच घडणीचा, पण जमिनीवर न येता भेगांत किंवा खोलवर निवलेला. ओट्यासाठी तो उत्तमच आहे. घट्ट असल्याने तेल आणि हळद फारशी शोषत नाही. फिकट रंगाचा खरा ग्रॅनाइट घेतल्यास त्यावर सीलर, म्हणजे डाग आत मुरू न देणारा लेप, लावून घ्यावा आणि तो वेळोवेळी पुन्हा लावावा. कोकम किंवा लिंबाच्या रसाने संगमरवराचे पॉलिश मरते, तसे या दगडांचे सहसा होत नाही.

पायऱ्यांचा विचार वेगळा करावा लागतो. गोव्याच्या पावसात पॉलिश केलेली पायरी, दगड कोणताही असो, घसरडी होते, आणि वयस्कर माणसांच्या घरी ती बसवण्याचा आग्रह आम्ही कधीच धरत नाही. ग्रॅनाइटवर ज्योत फिरवली की त्यातील क्वार्ट्झ एकदम प्रसरण पावून वरचे कण उडतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसते, म्हणून त्याला टाकी मारून, म्हणजे छिन्नीने टोचे पाडून, घेणे बरे. उघड्यावरच्या बेसाल्टमधील लोहामुळे कालांतराने तपकिरी झाक येऊ शकते. तिने मजबुतीला लगेच बाधा येत नाही, पण रंग अजिबात बदलू नये अशी अपेक्षा असेल तर ग्रॅनाइट घ्यावा.

काळा दगड घेताना नमुन्याचा तुकडा मागून घ्यावा आणि पांढऱ्या कापडावर नेलपॉलिश काढण्याचे अ‍ॅसिटोन घेऊन तो पुसून पाहावा. कापड काळे झाले, तर दगडाला रंग दिलेला आहे, असे समजावे आणि तो घेऊ नये, मग तो आमच्या वखारीतला का असेना.