नागपूरच्या हवेत लाकडाचं पॉलिश का तडकतं?

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपुढे जातो, तेव्हा कोरड्या हवेत लाकूड आतला ओलावा सोडू लागतं. त्याच घरात कूलरसमोरचं कपाट मात्र दिवसभर दमट वारा खातं. मग जुलैत सगळीकडेच ओल. सागवान असो की शिसव, ओलाव्याने लाकूड फुगतं, कोरडं झालं की आकसतं. लांबीत फरक नगण्य, रुंदीत मात्र बराच. वरचा थर त्याच्याबरोबर ताणला जातो आणि वर्षानुवर्षं कडक होत गेलेलं पॉलिश शेवटी तडकतं. म्हणून कपाट आधी कूलरच्या झोतातून बाजूला घ्या.

दुसरा मारा उन्हाचा. लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू एकत्र धरून ठेवणारा पदार्थ, अतिनील किरणं शोषतं आणि तुटत जातं. पारदर्शक पॉलिशमधून ही किरणं खाली पोहोचतात, थराची पकड सुटते, पापुद्रे निघतात. खिडकीच्या साध्या काचेतूनही यूव्ही-ए, म्हणजे अतिनील किरणांचा एक प्रकार, बरंच आत येतं. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा हवाच.

जुन्या फर्निचरवर बहुतेकदा लाखेचं पॉलिश असतं, चपडा (लाखेच्या पातळ पापड्या) स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं. लाखेचे किडे आपल्या विदर्भातल्या जंगलांतही पळसावर वाढतात. या पॉलिशवर गरम कप ठेवला की थर मऊ पडतो, वाफ आत शिरते आणि त्या सूक्ष्म ओलाव्यामुळे प्रकाश विखुरतो. तेच ते पांढरं वर्तुळ. स्पिरिट किंवा सॅनिटायझर सांडलं तर थरच विरघळतो.

पण या विरघळण्यातच त्याचं मोठेपण आहे. नवा हात जुन्या थरात मिसळून जातो, त्यामुळे तेवढीच जागा दुरुस्त करता येते. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश पाणी आणि उष्णता जास्त सोसतं. मात्र त्याचे रेणू एकमेकांत पक्के जोडले गेल्यावर ते पुन्हा विरघळत नाही. खोल ओरखडा पडला की बहुधा अख्खा पृष्ठभाग घासावा लागतो. चांगलं टिकलेलं लाखेचं पॉलिश खरवडून त्यावर पीयू मारायला माझा ठाम विरोध आहे.

रोज कोरडं मऊ कापड पुरे. सिलिकॉनचे चकाकी स्प्रे टाळा. पुढे नवं पॉलिश त्यावर नीट बसत नाही.

काही जण जवसाचं तेल लावतात. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि तेव्हा उष्णता निघते. तेलकट चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात राहिला तर आपोआप पेटू शकतो. त्या चिंध्या बाहेर सावलीत एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.