पोझादा : मठांतील मुक्काम

पोर्तुगालमधील जुने किल्ले, राजवाडे आणि ख्रिस्ती मठ यांत चालणारी प्रवासी निवासस्थाने. ‘पोझार’ म्हणजे टेकणे, विसावणे. त्यावरून हे नाव आले. पहिला पोझादा १९४२ मध्ये एल्व्हाश येथे सुरू झाला, पण तो नव्याने बांधलेल्या इमारतीत होता. ऐतिहासिक वास्तूंचा वापर नंतर रुळला. २००३ पासून या निवासस्थानांचा कारभार एका खाजगी हॉटेलसमूहाकडे आहे.

इतके मठ रिकामे झाले ते १८३४ च्या फर्मानामुळे. यादवी युद्धात उदारमतवादी पक्ष जिंकला आणि मंत्री झुआकीं आंतोनियु द आगियार याने पुरुष संन्याशांचे सर्व संघ बरखास्त करून त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. लोकांनी त्याला ‘माता-फ्रादश’, म्हणजे साधूंचा कर्दनकाळ, असे नाव ठेवले. जोगिणींच्या मठांना मात्र शेवटची जोगीण असेपर्यंत मुदत मिळाली. रिकाम्या वास्तूंपैकी काहींत सैन्याच्या बराकी आल्या, काहींत इस्पितळे. लिस्बनच्या साँ बेंतु मठात तर संसदच भरू लागली. उरलेल्यांची छपरे पावसाने खाल्ली.

एव्होरा येथील लोइयुश मठ १४८५ मध्ये स्थापन झाला आणि १९६५ मध्ये त्याचा पोझादा झाला. शेजारीच रोमन काळातील मंदिराचे खांब उभे आहेत. इथल्या खोल्या म्हणजे साधूंच्या कोठड्याच, त्यामुळे त्या लहान आहेत. ऐसपैस खोलीच्या अपेक्षेने आलेल्याचा विरस होऊ शकतो. पण भिंती पाडून दोन कोठड्यांची एक केली असती, तर इथे राहण्यात काही अर्थच उरला नसता. मठातील जीवनाचे माप त्या अरुंदपणातच कळते.

मिन्हो प्रांतातील सांता मारिया दु बोरु हा सिस्टर्सियन संघाचा बाराव्या शतकातील मठ. तो जवळजवळ भग्नावस्थेत होता. वास्तुविशारद एदुआर्दु सोतु द मोरा यांनी १९८९ ते १९९७ या काळात त्याचे रूपांतर केले. मूळ कौलारू छप्पर पुन्हा घालायचे त्यांनी नाकारले. मठ पूर्ववत करण्याऐवजी मठाच्या दगडांतून नवी इमारत उभारायची, अशी त्यांची भूमिका होती. नवे छप्पर सपाट आहे आणि त्यावर गवत वाढते. खिडक्यांच्या काचा अशा बसवल्या आहेत की बाहेरून दगडी भिंतीत नुसती रिकामी भोके दिसावीत. अंगणाभोवतीच्या ओवऱ्या उघड्याच ठेवल्या. भग्नपणाही वास्तूच्या इतिहासाचाच भाग आहे, हे इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच कुणी मान्य केले असेल. आज जुन्या वाड्यांना ‘हेरिटेज’ रंग फासणाऱ्यांनी हे काम बारकाईने पाहावे.

दक्षिणेतील ताव्हीरा गावात ऑगस्टिनियन संघाचा ग्रासा, म्हणजे ‘कृपामाते’चा, मठ आहे, तोही आता पोझादा आहे. बांधकामाच्या वेळी जमिनीखाली इस्लामी काळातील वस्तीचे अवशेष निघाले. ते बुजवले नाहीत, पाहुण्यांना दिसतील असे राखले.

याच संघाचा, याच कृपामातेच्या नावाचा मठ जुन्या गोव्यात मोंति सांतु टेकडीवर होता. फर्मानाचा अंमल गोव्यात १८३५ मध्ये झाला आणि साधूंना जावे लागले. ताव्हीराची वास्तू टिकली, गोव्याची टिकली नाही. १८४२ मध्ये चर्चचे घुमटाकार छत कोसळले, १९३१ मध्ये मनोऱ्याचा दर्शनी भाग पडला. आज सेंट ऑगस्टीनचा मनोरा म्हणून जांभ्या दगडाचा जो उंच सुळका उभा दिसतो, तो त्याचाच उरलेला भाग. मठ उजाड झाला तरी त्याची घंटा वाचली. १८७१ पासून ती पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये, पांढऱ्या जिन्यावरच्या त्या दर्शनी भागात, टांगलेली आहे.