एमआरआयचं चुंबक रात्रीही जागं असतं

2018 च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात एक तरुण आपल्या नात्यातल्या पेशंटबरोबर एमआरआयच्या खोलीत गेला. बरोबर ऑक्सिजनचा सिलिंडर होता. मशीन बंद आहे, असं त्याला सांगण्यात आलं होतं, असं घरच्यांनी नंतर सांगितलं. सिलिंडरसकट तो मशीनकडे खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. त्याआधी 2014 मध्ये नवी मुंबईत खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात असाच सिलिंडर ओढला जाऊन दोन कर्मचारी त्याच्या आणि मशीनच्या मध्ये काही तास अडकून पडले होते. 2025 च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला एक गृहस्थ बायकोला टेबलावरून उठवायला आत गेले. गळ्यात व्यायामाची जाडजूड साखळी होती. तेही वाचले नाहीत.

यांतलं कुणीही पेशंट म्हणून आत गेलं नव्हतं. आपल्याकडे एमआरआयला एकट्याने जायची पद्धत नाही. बरोबर मुलगा, सून, शेजारचे काका असतात. म्हणून हे सगळं पेशंटइतकंच त्यांच्यासाठीही आहे.

‘मशीन बंद आहे’ हे वाक्य एमआरआयच्या बाबतीत जवळपास कधीच खरं नसतं. दवाखान्यातल्या बहुतेक मशीनमध्ये नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची गुंडाळी असते आणि ती द्रवरूप हेलियमने उणे 269 अंशांपर्यंत थंड ठेवलेली असते. इतक्या थंडीत तारेचा विद्युतरोध नाहीसा होतो. एकदा सोडलेला प्रवाह मग वर्षानुवर्षं फिरत राहतो, त्याला बाहेरून वीज लागत नाही, आणि या फिरत्या प्रवाहामुळेच गुंडाळीचं चुंबक होतं. गावची लाइट गेली, स्क्रीन काळा पडला, टेक्निशियन कुलूप लावून घरी गेला, तरी चुंबक तसंच असतं. आणीबाणीत ते बंद पाडता येतं, पण तेव्हा हेलियम उकळून पाइपातून बाहेर फेकला जातो, चुंबकाची ताकद उतरायला मिनिटभर लागू शकतं आणि मशीन पुन्हा उभं करायला बरेच दिवस आणि बराच पैसा लागतो. रोज संध्याकाळी करायचं हे काम नव्हे.

ही ताकद किती? चुंबकाची ताकद टेस्ला या एककात मोजतात, आणि नेहमीचं मशीन 1.5 किंवा 3 टेस्लाचं असतं. होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा 1.5 टेस्ला तीस हजारपटींहून जास्त भरतं. फसवणूक वेगळीच आहे. ही ओढ अंतराबरोबर हळूहळू वाढत नाही. दाराशी काहीच जाणवत नाही आणि दोन-तीन पावलांत सिलिंडर हातातून सुटतो. ‘काही होत नाही, मी धरलंय ना’ असं म्हणायला वेळच मिळत नाही.

आत नेमकं काय चालतं तेही समजून घ्या, भीती थोडी कमी होईल. आपल्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाण्यात हायड्रोजन. चुंबकात हायड्रोजनची केंद्रकं एका ठरावीक लयीत डोलू लागतात, 1.5 टेस्लाला ही लय सुमारे 64 मेगाहर्ट्झची असते. त्याच लयीची रेडिओलहर सोडली की केंद्रकं ती शोषतात आणि पुन्हा परत देतात. त्या परतीच्या क्षीण लहरींवरून चित्र बनतं. एफएम रेडिओ 88 ते 108 मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे हे अगदी शेजारचंच घर. बाहेरच्या लहरी आत घुसू नयेत म्हणून त्या खोलीला बहुधा तांब्याच्या पत्र्याचं अस्तर असतं. इथे क्ष-किरण नसतात. सीटी स्कॅनची भीती एमआरआयला लावू नका. आतला ठकठक, घर्रघर्र आवाज मशीन बिघडल्याचा नसतो. चित्रातली जागा ओळखण्यासाठी काही गुंडाळ्यांतला प्रवाह झपाट्याने बदलावा लागतो, आणि दर वेळी त्या गुंडाळ्या मोठ्या चुंबकात हादरतात. लाउडस्पीकरचं तत्त्व हेच. आवाज कानाला इजा करण्याइतका मोठा असतो, म्हणून कानात घालायचे बोळे मागून घ्या. दिले नाहीत तर आत जाऊ नका.

आता तो फॉर्म. ‘शरीरात धातू आहे का?’ या ओळीपुढे आपण डोळे मिटून ‘नाही’ लिहितो, तेही अनेकदा पेशंटला न विचारता. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड न्या. आजकालचे बरेचसे पेसमेकर एमआरआयला चालतात, पण आधी त्यांची सेटिंग बदलावी लागते आणि नंतर पुन्हा मूळ जागी आणावी लागते. मेंदूच्या रक्तवाहिनीला लावलेली जुनी क्लिप चुंबकाकडे वळू शकते आणि ते जिवावर बेतू शकतं. ऐकू येण्यासाठी कानात ऑपरेशनने बसवलेल्या यंत्राबद्दल, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल, सांगायलाच हवं. हृदयातले स्टेंट, बदललेला गुडघा, हाडातली टायटॅनियमची पट्टी यांना बहुधा अडचण नसते. फार तर त्या जागेचं चित्र विस्कटतं. पण ‘चालेल’ हे आपण ठरवायचं नाही. ऑपरेशनची जुनी फाइल पिशवीत घालून न्या. ज्यांनी लेथवर, ग्राइंडरवर किंवा वेल्डिंगचं काम केलंय त्यांनी एक गोष्ट न विसरता सांगावी: डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? वीस वर्षांपूर्वीचा बारीकसा कणही तिथे हलू शकतो आणि दृष्टी जाऊ शकते. शंका असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात.

दागिन्यांवरून दवाखान्यात हमखास वाद होतो, विशेषतः मंगळसूत्रावरून. सोनं आणि चांदी चुंबकाला चिकटत नाहीत, हे खरं. पण रेडिओलहरींनी धातूच्या साखळीत प्रवाह निर्माण होऊन ती तापू शकते, आणि मानेचं चित्र काढायचं असेल तर नेमकं तिथलंच चित्र बिघडतं. जोडवी, चमकी, ताईत हेही काढायचं. सगळ्यांत जास्त लपते ती बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन. ती पोलादाची असते, ती उडते, आणि ती आपल्या हातात आहे हे आपण कधीच विसरलेलो असतो. केसातले आकडे, श्रवणयंत्र, काढता येणारी कवळी, किल्ल्या, मोबाइल, घड्याळ, एटीएम कार्ड, सगळं बाहेर. जरीची साडी आणि चांदीचे धागे विणलेले खेळाचे कपडेही नकोत, दवाखान्याचा गाऊन घाला. दंडावर औषधाची पट्टी चिकटवलेली असेल तर सांगा. अशा काही पट्ट्यांच्या मागच्या बाजूला धातूचा पापुद्रा असतो आणि त्याने त्वचा भाजते. आत झोपल्यावर हात गुंफू नका, पायावर पाय टाकू नका. कातडीला कातडी टेकून वर्तुळ पूर्ण झालं की तिथेही चटका बसू शकतो.

कधी कधी शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र अधिक स्पष्ट करणारं औषध, देतात. त्यात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो, आणि ते किडनीवाटे बाहेर पडतं. किडनीचा त्रास असेल, डायलिसिस चालू असेल, तर आधीच सांगा आणि क्रिएटिनीनचा, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट न्या. दिवस गेले असतील, नुसती शंका असली तरी, बोला. गरोदरपणात साधा एमआरआय गरजेनुसार करतात, कॉन्ट्रास्ट मात्र शक्यतो टाळतात. अंगावर पाजणाऱ्या आईला दूध थांबवायची गरज नसते. उपाशी यायचं का, हे अवयवावर ठरतं. मेंदू किंवा गुडघ्यासाठी सहसा नाही, पोटासाठी बहुधा हो, आणि झोपेचं औषध देणार असतील तर नक्कीच.

बोगद्याची रुंदी साधारण 60 ते 70 सेंटीमीटर. त्यात वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत निश्चल पडून राहायचं असतं. घुसमटणारं माणूस घाबरट नसतं, आधी सांगितलं की सोय होते. हातात एक रबरी फुगा देतात. दाबला की टेक्निशियन बोलतो, हवं तर बाहेर काढतो. आत जाण्यापूर्वीच डोळे मिटून घेतले तर बऱ्याच जणांना बरं जातं. लहान मुलाजवळ आई आत बसू शकते. मात्र फॉर्म तिलाही भरावा लागतो, कानात बोळे तिलाही घालावे लागतात, आणि बांगडीतली पिन तिनेही दाराबाहेर काढून ठेवायची.