देव, डार्विन आणि दशावतार: अडलं नेमकं कुठे?

ठाण्यात काय नि ऐरोली-वाशीकडे काय, डार्विनचा विषय निघाला की कुणीतरी दशावतार पुढे करतोच. आधी मत्स्य, मग कूर्म, वराह, नरसिंह, शेवटी माणूस. झालं, देव आणि उत्क्रांतीचं भांडण मिटलं! पण डार्विनला ठेच लागली ती जागा या हिशेबात येतच नाही.

उत्क्रांती मांडणारा डार्विनचा ग्रंथ नोव्हेंबर 1859 मध्ये आला आणि पाठिंबा देणाऱ्या पहिल्या काही लोकांत चक्क एक पाद्री होता, चार्ल्स किंग्स्ले. स्वतःच विकसित होतील असे मोजके जीव देवाने घडवले, ही कल्पनाही तितकीच थोर आहे, असं त्याने कळवलं. 1860 च्या दुसऱ्या आवृत्तीत डार्विनने ते मत छापलं आणि शेवटच्या वाक्यात ‘निर्मात्या’चा उल्लेखही घातला. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती होता. जीवांत होणाऱ्या बदलांना देवच दिशा देतो, असं तो म्हणे. डार्विनला ते पटेना. मे 1860 च्या पत्रात त्याने ग्रेला एका परजीवी गांधीलमाशीचं उदाहरण दिलं. ती जिवंत सुरवंटाच्या अंगात अंडी घालते आणि अळ्या त्याला आतून खातात. दयाळू देवाने हे मुद्दाम योजलं असेल, हे त्याच्या मनाला पटत नव्हतं. तरीही 1879 मध्ये त्यानेच लिहिलं की निष्ठावान आस्तिक उत्क्रांतीवादी असू शकतो यावर शंका घेणं हास्यास्पद आहे. दाखला किंग्स्ले आणि ग्रे यांचाच.

कॅथलिक चर्चने वेळ घेतला. पोप बारावे पायस यांनी 1950 मध्ये मानवी देहाच्या उत्क्रांतीवर चर्चेला मुभा दिली. आत्मा मात्र देवाकडूनच. 1996 मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी हा सिद्धांत निव्वळ गृहीतकाच्या पुढे गेल्याचं मान्य केलं.

आपल्याकडे टिळकांनी ‘गीतारहस्या’त (1915) डार्विन आणि जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल यांचा उत्क्रांतीवाद प्राचीन सांख्य दर्शनाच्या शेजारी ठेवून पाहिला. सांख्यांना ईश्वर लागत नाही, प्रकृती म्हणजे सृष्टीचं मूळ जड तत्त्व आपलं आपण उलगडतं. टिळक वेदान्ताच्या बाजूने त्यापलीकडे ब्रह्म मानतात. पण सांख्यांची प्रकृतीही पुरुषासाठी, म्हणजे चेतन आत्म्यासाठीच राबते, वासरासाठी गाईला पान्हा फुटावा तशी. नैसर्गिक निवडीला असा ‘साठी’ नसतो. बदल आपसूक होतात, त्या परिस्थितीत निभावतात ते जीव जास्त पिल्लं मागे ठेवतात, बस्स. खरं अडतं ते इथे, आणि दशावतार नेमका हाच मुद्दा ओलांडून पुढे जातो.

ओहोटीला ठाणे खाडीच्या काठी निवटी ही मासळी बघा. डोळे डोक्यावर, पुढच्या परांवर रेटा देत चिखलात सरकते, ओल्या कातडीतून हवेतला प्राणवायू घेते. कुणालाही वाटेल, मासा जमिनीवर यायच्या बेतात आहे. तसं काही नाही. ती कुठल्याच शिडीची अर्धी पायरी नाही. भरती-ओहोटीच्या त्या पट्ट्यात ती आहे तशीच नीट बसते. एकवीरेला नवस बोलून निवट्या धरायला जाणाऱ्या कोळ्याच्या श्रद्धेला याने धक्का लागायचं कारण नाही. धक्का लागतो तो सगळी सृष्टी माणसासाठी मांडली आहे, या समजाला.

जानेवारी 2018 मध्ये केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, सबब डार्विन चूक. हीसुद्धा शिडीच! सिद्धांत सांगतो तो दोघांचा समाईक पूर्वज. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त पत्रक काढून हे सांगितलं आणि अभ्यासक्रमातून उत्क्रांती काढणं म्हणजे मागे जाणं ठरेल, असंही बजावलं. पुढे सीबीएसई शाळांत चालणारी पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून ती काढलीच. 2023 मध्ये 1800 हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी त्याविरुद्ध सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात हा धडा आहे, पण तो विषय घेणार किती जण? राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 च्या पुस्तकात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा. त्यामुळे घोडबंदर रोडवरच्या एकाच सोसायटीत एसएससीच्या मुलाला डार्विन दहावीत भेटतो, सीबीएसईवाल्याला कदाचित कधीच नाही.